फेकून न दिलेला गाळ: सांडपाण्याच्या एका बाटलीचा इतिहास

शाळेच्या पुस्तकात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, म्हणजे एसटीपीची, एक आकृती असते. आधी जाळी, मग वाळू-खडे बसण्याची टाकी, पहिली गाळ बसण्याची टाकी, हवेची टाकी, दुसरी गाळ बसण्याची टाकी आणि शेवटी नदी. या आकृतीत सगळे बाण डावीकडून उजवीकडे जातात, फक्त एक बाण उलटा असतो. दुसऱ्या टाकीच्या तळातून निघून तो मागे, हवेच्या टाकीकडे जातो. परीक्षेत हा बाण काढायचा राहिला तर फार तर अर्धा मार्क जाईल. प्रत्यक्ष केंद्रात हा बाण बंद केला, तर थोड्याच दिवसांत बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या पाण्यासारखं दिसायला लागेल.

आजचा लेख या उलट्या बाणाच्या इतिहासाचा आहे. माझं पीएचडीचं काम याच प्रक्रियेवर चालू आहे, आणि नवीन येणारे ज्युनिअर हमखास विचारतात, "शंभर वर्षांपूर्वीचे पेपर आता कशाला वाचायचे?" त्या प्रश्नाचं उत्तरही यात मिळेल असं वाटतं.

आधी काय चालायचं?

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की ब्रिटिश संसदेला काम करणं अवघड झालं. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने लंडनच्या मोठ्या गटारवाहिन्या बांधल्या. शहर सुटलं, पण घाण नदीच्या खालच्या अंगाला गेली. गटार घाण फक्त हलवतं, कमी करत नाही.

घाण कमी करायचा रस्ता १८७० च्या आसपास एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून दिसायला लागला. सांडपाणी मातीतून थांबून थांबून सोडलं, म्हणजे मधल्या वेळात मातीत हवा शिरू दिली, की ते स्वच्छ होऊन बाहेर पडतं. हे काम माती करत नसून मातीतले जीवाणू करतात, हे पुढच्या वीसेक वर्षांत पक्कं होत गेलं. मग मातीऐवजी खडीचे थर आले. पण अडचण जागेची होती. शहर जितकं मोठं, तितकी जास्त एकरं खडी लागणार.

दुसरा विचारही तेव्हापासूनच चालू होता. जीवाणूंना हवा हवी असेल तर सांडपाण्यातच थेट हवा का सोडू नये? १८८० च्या दशकापासून अनेकांनी हे करून पाहिलं. पाणी थोडंफार सुधारायचं, पण इतका वेळ लागायचा की शहराच्या उपयोगाचं नव्हतं. आणि तळाशी बसणारा गाळ? तो कचराच समजला जाई. ज्याची विल्हेवाट लावायची ती गोष्ट कोण जपून ठेवेल?

लॉरेन्सची हिरवी बाटली

आता मँचेस्टरला जाऊ. कापडगिरण्यांचं हे शहर. डेव्हीहल्मचं सांडपाणी केंद्र १८९४ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी मँचेस्टर शिप कॅनॉलही वाहतुकीला खुला झाला. केंद्रातलं पाणी या कालव्यात जाणार, म्हणजे ते किती स्वच्छ आहे यावर सगळ्यांचं लक्ष. त्यातच १९१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने सोडलेल्या पाण्यासाठी मर्यादा सुचवली: तरंगणारे घन पदार्थ लिटरला ३० मिलिग्रॅम आणि बीओडी २० मिलिग्रॅम. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जीवाणू जितका ऑक्सिजन वापरतात ते प्रमाण. आजही जगभरच्या नियमांमध्ये या आकड्यांची छाया दिसते.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९१२ मध्ये, मँचेस्टरचे सल्लागार गिल्बर्ट फाउलर न्यूयॉर्क बंदराच्या प्रदूषणाच्या कामासाठी अमेरिकेत गेले होते. तिथे त्यांनी मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्स प्रयोग केंद्र पाहिलं. हे केंद्र १८८७ मध्ये सुरू झालेलं आणि या विषयात मोठ्या मानाचं. तिथे क्लार्क आणि गेज हे संशोधक सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्या एका बाटलीत आतून शेवाळाचा हिरवा थर चढलेला होता आणि पाणी चांगलं स्वच्छ झालेलं होतं. फाउलरनी परत येऊन डेव्हीहल्मच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना हे सांगितलं आणि असं काही करून पाहा म्हणून सुचवलं.

मँचेस्टरची झाकलेली बाटली

आर्डर्न आणि लॉकेटनी पहिली गोष्ट काय केली? बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला. लॉरेन्सच्या बाटलीत शेवाळ होतं आणि जीवाणूही होते. मग काम नक्की कोणाचं? उजेड बंद केला की शेवाळ बाद. कागदाच्या एका तुकड्याने दोन शक्यता वेगळ्या झाल्या. कंट्रोल म्हणजे काय हे समजावताना मी हेच उदाहरण देतो.

मग त्यांनी शहराचं सांडपाणी भरलं आणि सतत हवा सोडत राहिले. त्यातला अमोनिया पूर्णपणे नायट्रेटमध्ये बदलायला, म्हणजे नायट्रिफिकेशन पूर्ण व्हायला, सुमारे पाच आठवडे लागले. इथवर नवीन काहीच नाही.

नवीन होतं ते पुढे. त्यांनी हवा थांबवली, गाळ तळाशी बसू दिला, वरचं नितळ पाणी काढून घेतलं, पण गाळ तसाच ठेवला. त्यावर ताजं सांडपाणी ओतलं आणि पुन्हा हवा सुरू केली. प्रत्येक खेपेला गाळ वाढत गेला आणि लागणारा वेळ कमी होत गेला. शेवटी पाच आठवड्यांचं काम २४ तासांत व्हायला लागलं.

३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हा पेपर मँचेस्टरमध्ये वाचला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: गाळण्यांच्या मदतीशिवाय सांडपाण्याचं ऑक्सिडीकरण. शीर्षकातच अख्खा प्रश्न आहे, खडीचे एकरच्या एकर थर टाळायचे. आणि या गाळाला दुसरं बरं नाव सुचेपर्यंत म्हणून त्यांनी 'अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे सक्रिय गाळ, असं नाव दिलं. तेच नाव आजही चालू आहे.

गाळात असं काय होतं?

आपल्या घरात याचं उत्तर रोज रात्री भांड्यात ठेवलेलं असतं. कोमट दुधात विरजण लावलं की सकाळी दही. विरजणाशिवाय दूध तसंच ठेवलं तर ते नासेल, पण भरवशाचं दही लागणार नाही. तो गाळ म्हणजे मुख्यतः जीवाणूंचे पुंजके होते. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू तर फार सावकाश वाढतात. दर वेळी गाळ फेकला तर त्यांची वाढ पुन्हा शून्यापासून सुरू. गाळ ठेवला तर काम करणारी सगळी फौज आधीच हजर.

उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. दह्याला चमचाभर विरजण पुरतं. इथे पाणी काही तासांतच पुढे जायचं असतं, म्हणून गाळ भरपूर लागतो. आजच्या भाषेत सांगायचं तर पाणी टाकीत काही तास राहतं, जीवाणू काही दिवस राहतात. हे दोन कालावधी एकमेकांपासून सुटे करणं हाच या शोधाचा गाभा. उलटा बाण म्हणजे तेच.

पेटंट, कोर्ट आणि तळं

१९१६ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टर इथे ही पद्धत शहराच्या पातळीवर आली. पण टाकी आणि हवेच्या रचनेची पेटंटं जोन्स अँड अ‍ॅटवुड या इंग्रज कंपनीने घेतली होती. अमेरिकेत त्यावरून खटले झाले. मिलवॉकी शहराने १९२५ मध्ये मोठं केंद्र सुरू केलं, उरलेला गाळ वाळवून 'मिलोर्गनाइट' नावाने खत म्हणून विकायलाही लागले, आणि मग शहर पेटंटभंगाचा खटला हरलं. १९३४ मध्ये अपील कोर्टाने एक महत्त्वाची गोष्ट केली. नुकसानभरपाई कायम ठेवली, पण केंद्र बंद करायचा मनाई हुकूम रद्द केला. कारण केंद्र बंद केलं असतं तर शहराची घाण प्रक्रियेशिवाय मिशिगन तळ्यात गेली असती. ज्ञानाची मालकी आणि लोकांचं आरोग्य यांतला हा झगडा आज औषधांच्या बाबतीत आपण पाहतोच. तेव्हा तो गाळावरून झाला होता.

बाटलीपासून नवी मुंबईपर्यंत

फाउलर १९१६ मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे हा विषय भारतात पाठ्यपुस्तकातून यायच्या आधी माणसाबरोबर आला.

दुसरा दुवा याहून मजेशीर आहे. मूळ बाटलीत सगळं एकाच भांड्यात व्हायचं: भरा, हवा द्या, बसू द्या, वरचं काढा. मोठ्या केंद्रात हे हाताने व्हॉल्व्ह फिरवून करणं जिकिरीचं, म्हणून सतत वाहणारी रचना आली आणि वेगळी टाकी व उलटा बाण आला. पुढे स्वयंचलित नियंत्रण स्वस्त झालं आणि १९७० नंतर जुनी एका टाकीची पद्धत 'एसबीआर' या नावाने परतली. नवी मुंबई महापालिकेच्या केंद्रांतली सी-टेक पद्धत याच घराण्यातली. तिथे गेलात तर टाकीतलं पाणी स्थिर होऊन वरचा नितळ थर हळूहळू काढला जाताना बघा. आर्डर्न आणि लॉकेट हेच करत होते.

आपल्यासाठी यात काय आहे?

पहिलं, 'शोध कोणी लावला' असं एका ओळीत लिहू नका. वाढलेल्या जीवाणूंमुळे शुद्धीकरण सुधारतं हे लॉरेन्सलाही दिसलं होतं. आर्डर्न आणि लॉकेटनी आपल्या पेपरमध्येच फाउलर आणि लॉरेन्सचा उल्लेख केलाय. श्रेय देऊनही त्यांचं काम लहान झालं नाही.

दुसरं, जुना पेपर वाचताना निष्कर्षाआधी कृती वाचा, आणि स्वतःच्या कृतीतही बघा की आपण सवयीने काय फेकून देतो. धुतलेलं भांडं, वगळलेला नमुना, आलेखाबाहेर ठेवलेला आकडा. ते फेकणं बरोबरही असेल, पण का फेकतोय हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

तिसरं शाळेतल्या मुलांना सांगायचं आहे. अशा केंद्रात सुमारे निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवा सोडायला लागते. बिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवले तर टाक्या, पाईप, बोर्ड सगळं जागच्या जागी दिसतं, पण गाळ मरतो आणि घाण नदीत जाते. केंद्र उभारलं म्हणजे काम झालं असं नाही. ते रोज जिवंत ठेवावं लागतं.

पुढच्या लेखात बीओडीची चाचणी: तिकडे २० अंशाला पाच दिवस आणि आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस, असं का? तोवर तुमच्या गावाचं सांडपाणी कुठे जातं तेवढं शोधून ठेवा.