नवतपा, जंगलरस्ता आणि तापलेले इंजिन

चंद्रपूरकरांना उन्हाचे आकडे सांगावे लागत नाहीत. मे महिन्याच्या उत्तरार्धात, विशेषतः नवतप्याच्या दिवसांत, पारा ४६-४७ अंशांना सहज स्पर्श करतो. २०१९ च्या मेअखेरीस तो ४८ अंशांपर्यंत गेला होता. नेमकी याच दिवसांत लग्नसराई असते, शाळांना सुटी असते आणि ताडोबाच्या पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. चंद्रपूर-मूल-गडचिरोली मार्गावर आणि तेथून चामोर्शी, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंचा किंवा भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर बॉनेट उघडून झाडाखाली उभी असलेली पेट्रोल मोटार या काळात हमखास आढळते.

यंत्राला थंडावा मिळाला नाही तर काय होते, याचे मोठे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर चालते. २०१० च्या उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला तेव्हा कोळसा असूनही तेथील संच बंद ठेवावे लागले होते. मोटारीच्या बॉनेटखाली याच गणिताची छोटी आवृत्ती असते. पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश प्रत्यक्ष कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली प्रामुख्याने कूलंटमार्फत रेडिएटरकडे व तेथून हवेत जाते.

इंजिन तापले की बहुतेक वाहनधारक उन्हाला दोष देतात. तो अर्धाच खरा आहे. रेडिएटरमधील कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल, तर दोहोंत ६५ अंशांचा फरक असतो. हवा ४७ अंशांवर गेली की तो ४८ वर येतो. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. त्यात एसी सुरू असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्याने रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. गाडी तयार करताना ही तूट गृहीत धरलेली असते. त्यामुळे निर्दोष यंत्रणा असलेली मोटार ४७ अंशांतही सहसा उकळत नाही. उकळते ती ज्या गाडीची ही राखीव क्षमता हिवाळ्यातच संपलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो ती.

काटा केव्हा चढतो?

निदानाचा पहिला प्रश्न हाच असावा. रेल्वे फाटकावर किंवा कोळशाच्या ट्रकांमागे रांगेत थांबले असता काटा चढतो आणि मोकळा रस्ता मिळताच उतरतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. फ्यूज, रिले, तापमान सांगणारा सेन्सर किंवा पंख्याची मोटर यांपैकी काही तरी निकामी झालेले असते. बऱ्याच गाड्यांत एसी सुरू करताच पंखा फिरू लागतो. एसी लावूनही तो फिरत नसेल तर निदान जवळपास झालेच. व्याघ्र प्रकल्पातील वाहने तासन् तास खालच्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने चालतात. तेथे वाऱ्याचा झोत मिळत नाही आणि सगळी भिस्त पंख्यावरच असते.

याउलट शहरात काही त्रास नाही, मात्र महामार्गावर ताशी ८० च्या पुढे काटा सरकू लागतो, तर पंख्याचा संबंध नाही. रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धुळीने बुजलेला असतो, वॉटर पंप अशक्त झालेला असतो अथवा कूलंटच कमी असते. इंजिन सुरू केल्यानंतर काही मिनिटांतच काटा वर गेला, पण रेडिएटरकडून इंजिनात परत येणारी नळी थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संभव असतो. ही झडप साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान उघडून कूलंटला रेडिएटरकडे वाट करून देते. ती अडकली की 'काढूनच टाका' असा सल्ला उन्हाळ्यात सर्रास मिळतो. तो मानू नये. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसल्यास कूलंट रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरत राहते. हिवाळ्याच्या पहाटे इंजिन वेळेवर गरम होत नाही आणि पेट्रोल जास्त लागते ते वेगळेच.

सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे कोठेही गळती दिसत नसताना टाकीतील पातळी खाली जाणे. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू केल्यास रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे आणि डिपस्टिकवर दुधाळ चहासारखे दिसणारे ऑइल, ही हेड गॅस्केट फुटल्याची चिन्हे होत. अशा गाडीने पुढचा प्रवास करूच नये. ती टोचन करून नेलेली परवडते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अनेक छोट्या मोटारींत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागतो तेव्हा पूर्वसूचनेचा काळ संपलेला असतो. काटा असलेल्या गाडीतही चढलेला काटा एकदम शून्याकडे पडला तर सुटकेचा निःश्वास सोडू नये. कूलंट पूर्ण वाहून गेल्याने सेन्सर कोरडा पडल्याचे ते लक्षण असू शकते.

बोअरचे पाणी

'आपल्याकडे पाणी कुठे गोठते, मग कूलंट कशाला?' हा युक्तिवाद या भागात नेहमी ऐकू येतो. गोठण्यापासून संरक्षण हे कूलंटचे एकच काम नव्हे. ते गंज रोखते, वॉटर पंपाचे सील टिकवते आणि उत्कलनबिंदू वाढवते. झाकणामुळे यंत्रणेत सुमारे एक बार जादा दाब राहतो. योग्य मिश्रण आणि सुस्थितीतील झाकण असेल तर कूलंट १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले तर हाच फायदा नाहीसा होतो. अवघ्या काही रुपयांच्या या भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

बोअरवेलचे जड पाणी मात्र रेडिएटरचा शत्रू. घरातील गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरावे आणि उत्पादकाने सांगितलेले प्रमाण, बहुधा ३० ते ५० टक्के कूलंट, पाळावे. निव्वळ कूलंट ओतल्याने थंडावा वाढत नाही. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

बाहेरच्या बाजूने कोळशाची भुकटी, राख, वाळक्या पानांचा चुरा आणि कीटक रेडिएटरच्या जाळीत रुततात. पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांच्या पुरानंतर चिखलातून गाडी काढली असेल, तर वाळलेला गाळ पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसाच राहतो. होळीच्या सुमारास जाळी धुवून घ्यावी. धार इंजिनाच्या बाजूकडून बाहेर आणि बेताच्या दाबाची असावी. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे दुमडतात.

आलापल्लीच्या पुढे

आलापल्लीहून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर. वाटेत दाट जंगल आहे, गॅरेज दुर्मीळ आहेत आणि मोबाइलचे नेटवर्क अनेक पट्ट्यांत मिळत नाही. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा मोह अशा ठिकाणीच होतो आणि तोच महागात पडतो. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड कूलंटविना काही मिनिटांत वाकते. मग शेकड्यांत भागणारे काम हजारोंत जाते.

काटा चढू लागताच एसी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर पूर्ण क्षमतेने लावावा. भर उन्हात हा उपाय विचित्र वाटतो. पण हीटर हा आणखी एक छोटा रेडिएटरच आहे. सोबत लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असेल तर हा प्रयोग फक्त सावली गाठेपर्यंतच करावा. इंजिन वाचवताना माणसाला उष्माघात होता कामा नये. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. बंद केल्यावरही पंखा आपोआप फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा.

रेडिएटरचे झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडू नये. दाबाखालचे कूलंट झाकण सैल होताच कारंज्यासारखे उसळते आणि चेहरा, हात होरपळतात. वरची नळी हाताला सहन होईल इतकी निवल्यावर जाड फडके धरून झाकण आधी थोडेच फिरवावे, दाब निघू द्यावा आणि मग पाणी थोडे थोडे घालावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. अडचणीत साधे पाणी चालते; नंतर ते काढून यंत्रणा धुवून घ्यावी लागते. गाडीत पाच लिटर जादा पाणी असावे, मात्र ते पिण्याच्या पाण्याहून वेगळे.

व्याघ्र प्रकल्पात गाडी बंद पडली तर खाली उतरू नये. मार्गदर्शकाकरवी वनकर्मचाऱ्यांना कळवावे. चंद्रपूर-मूल किंवा मोहर्लीच्या सार्वजनिक रस्त्यांवरही वाघांचा वावर असतो. तेव्हा एकट्याने बॉनेटमध्ये डोके घालून बसण्याऐवजी दुसरे वाहन येईपर्यंत आत थांबणे श्रेयस्कर.

सांडलेले कूलंट तेथेच सोडून जाऊ नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात रस्त्यावर येणारी जनावरे, पाळीव असोत वा जंगली, असे डबके चाटतात. त्यावर भरपूर माती टाकावी, भिजलेली माती पिशवीत भरून सोबत न्यावी आणि जुने कूलंट गॅरेजमध्येच जमा करावे.