आतड्याचा दाह, चिनी ‘छिंग दाय’ आणि आतड्यातील जिवाणू

आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, तर क्रोन्स आजारात पचनमार्गाचा कोणताही भाग बाधित होऊ शकतो. रक्तमिश्रित जुलाब, पोटदुखी, थकवा आणि वजन घटणे ही त्यांची लक्षणे होत. पूर्वी पाश्चात्त्य समजला जाणारा हा विकार गेल्या काही दशकांत चीन, जपान आणि भारतातही वाढला आहे. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नसल्याने अनेक रुग्ण वनौषधींकडे वळतात.

अशा वनौषधींपैकी ‘छिंग दाय’ या निळ्या चूर्णाचा अभ्यास विशेष काळजीपूर्वक झाला आहे. निळीच्या काही वनस्पतींची पाने पाण्यात कुजवून, त्यात चुना मिसळून ते पाणी घुसळले जाते आणि वर येणारा फेस वाळवला जातो. स्ट्रोबिलँथिस कुसिया ही त्यांपैकी एक वनस्पती असून, सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी तिची जवळची नातलग आहे. अर्थात, कारवीत हेच औषधी गुण आहेत, असा याचा अर्थ नव्हे.

जपानमधील ३३ रुग्णालयांत २०१६ मध्ये या चूर्णाची चाचणी घेण्यात आली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८६ रुग्णांपैकी काहींना दररोज अर्धा, एक किंवा दोन ग्रॅम चूर्ण आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. आठ आठवड्यांनंतर औषधविरहित गटातील १३.६ टक्के रुग्णांना आराम पडला होता. चूर्ण घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण मात्रेनुसार ६९.६, ७५ आणि ८१ टक्के होते. वनौषधींच्या चाचण्यांत इतका ठळक फरक क्वचितच दिसतो. २०१८ मध्ये ‘गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या परिणामाचे स्पष्टीकरण आतड्यातील जिवाणूंच्या कार्याशी जोडलेले आहे. लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू अन्नातील ट्रिप्टोफॅन या घटकापासून इंडोल वर्गातील रसायने तयार करतात. आतड्याच्या पेशींमधील ‘अरिल हायड्रोकार्बन’ नावाचा ग्राहक या रसायनांमुळे जागृत होतो आणि इंटरल्युकिन-२२ हे प्रथिन स्रवून अस्तराची झीज भरून येण्यास मदत होते. दाहाच्या रुग्णांमध्ये जिवाणूंची विविधता घटते आणि हे कामही मंदावते. छिंग दायमधील इंडिगो आणि इंडिरुबिन ही द्रव्ये त्याच ग्राहकाला चालना देतात. म्हणजेच, जिवाणूंकडून अपुरा पडणारा संदेश हे चूर्ण बाहेरून पुरवते, असे म्हणता येईल.

मात्र, ही चाचणी पूर्ण होऊ शकली नाही. स्वतः विकत घेऊन सहा महिने हे चूर्ण वापरणाऱ्या एका रुग्णाच्या फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतील दाब वाढल्याचे आढळल्यामुळे ती मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. हा विकार हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आणतो आणि प्राणघातक ठरू शकतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये याबाबत इशारा दिला. पुढे चूर्ण घेतलेल्या ८७७ रुग्णांच्या देशव्यापी पाहणीत ११ जणांना हा विकार झाल्याचे दिसले. यकृताच्या तक्रारी त्याहून अधिक होत्या. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचे प्रकारही नोंदले गेले.

चिनी वनौषधी आणि जिवाणू यांचा संबंध उलट दिशेनेही असतो. ‘ह्वांगल्यान’ या कडू मुळीतील बर्बेरिन हे द्रव्य भारतातील दारुहळदीतही असते. मूळ रूपात ते आतड्यातून फारच कमी शोषले जाते. आतड्यातील जिवाणू त्याचे डायहायड्रोबर्बेरिनमध्ये रूपांतर करतात आणि हे रूप अधिक सहज शोषले जाते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. जिवाणूंची घडण प्रत्येक व्यक्तीत निराळी असल्याने एकाच काढ्याचा परिणाम दोन रुग्णांत वेगवेगळा का होतो, याचे एक कारण येथे सापडते.

छिंग दाय घेणाऱ्या रुग्णांनी डॉक्टरांना त्याची माहिती देणे आवश्यक ठरते. धाप लागणे, पायांवर सूज येणे किंवा चक्कर येणे यांपैकी काहीही जाणवल्यास चूर्ण तत्काळ बंद करून हृदयाची तपासणी करावी लागते. चूर्ण थांबवल्यावर धमन्यांतील दाब कमी झाल्याची उदाहरणे जपानमध्ये नोंदली गेली आहेत.