पिस्तुलाची मूठ आणि आपला हात



बाजारात खुरपं घेताना आपण आधी मूठ धरून बघतो. मूठ जाड निघाली तर दुपारपर्यंत हाताला फोड येतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पिस्तुलाचंही तसंच आहे. पण बाईच्या हातात कसलं पिस्तूल शोभेल, हे बरीच वर्षं विकणाऱ्यांनीच ठरवलं.

अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १९०२ च्या सुमारास 'लेडीस्मिथ' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. सात गोळ्यांचं, अगदी चिमुकलं. बाई म्हणजे नाजूक, असा सरळ हिशेब. शंभर वर्षांनंतर आपल्याकडेही तेच झालं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणलं. वजन ५०० ग्रॅम, पेटी दागिन्यांच्या डबीसारखी आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. (तेवढ्यात किती शेळ्या येतील, ते तुम्हीच मोजा.) वर परवाना काढायचा तो वेगळाच.

हलकं ते सोपं, असं आपल्याला वाटतं. पण गोळी सुटली की हाताला मागे धक्का बसतो. काडतूस तेच असेल तर हत्यार जितकं हलकं, तितका धक्का जास्त. नवख्या मुलीला एकदा असा हिसका बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच तिचा हात दचकतो आणि नेम चुकतो.

आता उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर आजींचं बघा. १९९९ मध्ये त्या नातीला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर गेल्या, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. तिथेच त्यांनी स्वतः पिस्तूल हातात घेतलं आणि पुढे कितीतरी पदकं मिळवली. स्पर्धेचं एअर पिस्तूल साधारण किलोभराचं, म्हणजे 'निर्भीक'च्या दुप्पट. पण ते हवेच्या दाबावर चालतं, त्यामुळे धक्का जवळजवळ नसतो. त्याची लाकडी मूठ लहान-मोठ्या मापात मिळते, डावखुऱ्यांसाठी वेगळी असते, तासून हाताजोगी करता येते. चंद्रो आजी २०२१ मध्ये कोरोनाने गेल्या.

आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकलं. भारताच्या महिला नेमबाजाचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं सुवर्ण.

तेव्हा गटातल्या कुणाची मुलगी नेमबाजी शिकणार असेल, तर लगेच खरेदीला धावू नका. आधी क्लबची दोन-तीन पिस्तुलं, रिकामी असल्याची खात्री करून, प्रशिक्षकांसमोर तिला धरू द्या. मनगट न वळवता नळी समोर राहते का? तर्जनीचं पहिलं पेर ताण न देता चापावर येतं का? दहा मिनिटांनी खांदा भरून येतो का? 'लेडीज मॉडेल' आहे का, हे विचारायची गरजच नाही.