फुलातले पुंकेसर मोजायला कोणी शिकवले?

१/
आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधिमंदिराच्या आवारातील अजानवृक्ष महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘एहरेशिया लेव्हिस’. या नावाचा पूर्वार्ध एका जर्मन माळ्याच्या मुलाच्या आडनावावरून आला आहे. गेओर्ग डिओनिझियस एहरेट, जन्म १७०८, हायडेलबर्ग. पुढे हा मुलगा अठराव्या शतकातील फुलांचा अग्रगण्य चित्रकार ठरला. त्याच्या उमेदवारीच्या काळात त्याची चित्रे पाहून कोणी काय सांगितले, आणि त्याच्या प्रगतीवर पुढे कोणी हक्क सांगितला, त्याची ही हकिकत. (थ्रेड)

२/
वडील माळी होते आणि त्यांचा हात चित्रकलेतही चालत असे. पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. पण ते लवकर वारले. मुलाच्या वाट्याला बागकामाची उमेदवारी आली. कलाशाळा नाही, गुरू नाही. दिवसा वाफे खणायचे आणि उरल्या वेळात त्याच वाफ्यांतली फुले कागदावर उतरवायची.

३/
पहिला गिऱ्हाईक भेटला रेगेन्सबुर्ग गावचा औषधविक्रेता योहान वाइनमान. करार असा झाला: वर्षभरात १,००० चित्रे, मोबदला ५० थालर आणि राहणे-जेवणे. एहरेटने ५०० चित्रे पुरी केली, तेव्हा वाइनमानने हातावर २० थालर ठेवून त्याला वाटेला लावले. चित्र चांगले की वाईट, पाकळी कुठे चुकली, याची चर्चाच नाही. मोजले गेले ते फक्त कागद. शिकणाऱ्याला शिव्या मिळाल्या तरी त्यातून काही हाती लागते, नगांच्या हिशेबातून काहीच लागत नाही.

४/
याच गावात एका सावकाराने त्याला ‘होर्टुस मलबारिकुस’ या ग्रंथाच्या चित्रांवर काम दिले. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने कोचीन येथे सिद्ध करवलेल्या या १२ खंडांत (१६७८ ते १६९३) मलबारच्या वनस्पती आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे आणि अनेक चित्रांवर वनस्पतींची नावेही नागरीत कोरलेली आहेत. म्हणजे डॅन्यूबकाठी बसलेल्या त्या तरुणाच्या डोळ्यांपुढे आपली अक्षरे होती. ती त्याला वाचता येणे शक्य नव्हते, हे वेगळे.

५/
खरा अभिप्राय मिळाला तो न्यूरेंबर्गचा वैद्य क्रिस्टोफ याकोब ट्रेव याच्याकडून. ट्रेव हा जाणता वनस्पतिप्रेमी होता. त्याने चित्रांची नुसती वाखाणणी केली नाही आणि नावेही ठेवली नाहीत. त्याने सांगितले: कागद मोठा घे आणि उत्तम प्रतीचा घे.
वरवर पाहता ही किरकोळ सूचना वाटते. परंतु लहान कागदावर झाड आखडून बसते. पान दुमडावे लागते, देठ कापावा लागतो. मोठ्या कागदावर फूल त्याच्या खऱ्या आकारात उमलते आणि भोवती जागाही उरते. त्या मोकळ्या जागेचे मोल पुढे कळायचे होते. ट्रेवचा शब्द एहरेटने आयुष्यभर पाळला आणि कित्येक दशके तो आपली चित्रे ट्रेवकडे पाठवत राहिला.

६/
त्यानंतर पॅरिसमध्ये राजाच्या उद्यानात बर्नार द जुस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाचा सहवास, मग लंडन, मग हॉलंड. १७३६ मध्ये तो हार्लेमजवळच्या हार्टेकाम्प येथे पोहोचला. जॉर्ज क्लिफर्ड या धनाढ्य बँकरची ती बाग. तिथे क्लिफर्डच्या आश्रयाने राहत होता कार्ल लिनियस. एहरेटहून जेमतेम एका वर्षाने मोठा.

७/
लिनियसने नुकतीच वनस्पतींची २४ वर्गांची पद्धत मांडली होती आणि तिचा पाया होता पुंकेसरांची संख्या व रचना. आपल्याकडची उदाहरणे घेऊ. कर्दळीला एक पुंकेसर, म्हणून ती पहिल्या वर्गात. धोतऱ्याला पाच, म्हणून पाचव्यात. मोहरीला सहा, पण त्यांतले चार लांब आणि दोन आखूड, म्हणून तिला वेगळा वर्ग. जास्वंदीचे असंख्य पुंकेसर एका नळीत जुळलेले, तिचाही वर्ग निराळा.
आता विचार करा: चित्रकाराने फुलाच्या मध्यावर पिवळा ठिपका देऊन काम भागवले, तर ते चित्र शास्त्रज्ञाच्या काय कामाचे?

८/
एहरेटने या २४ वर्गांचा एक सचित्र तक्ता काढला आणि १७३६ मध्येच लायडन येथे स्वतः प्रसिद्ध केला. हॉलंडमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना तो दोन गिल्डरला एक याप्रमाणे विकून त्याने चार पैसेही मिळवले. पुढच्याच वर्षी लिनियसच्या ‘जेनेरा प्लांटारुम’ या ग्रंथात तो तक्ता आला. एहरेटच्या नावाचा उल्लेख मात्र नव्हता.

९/
क्लिफर्डच्या बागेवरील ‘होर्टुस क्लिफर्टियानुस’ या ग्रंथासाठी एहरेटने २० चित्रे काढली. त्यांत मोठ्या फांदीशेजारी फुलाचे सुटे अवयव मांडलेले दिसतात. वाद झाला तो यावरूनच.
लिनियसने पुढे सांगितले, की पुंकेसर-स्त्रीकेसर दाखवायला एहरेट आधी तयारच नव्हता. चित्र बिघडेल असे त्याचे म्हणणे होते. शेवटी आपल्या आग्रहाने तो वळला आणि मग त्यात तरबेज झाला.
एहरेटने १७५८ मध्ये आत्मवृत्त लिहिले, त्यात हे साफ नाकारले. फुलांची फोड करण्यात लिनियसकडून आपल्याला काहीही लाभ झाला नाही, ती सारी आपली स्वतःची करामत, असे त्याने नोंदवले.

१०/
खरे कोणाचे? लहानपणापासून मातीत हात घातलेल्या आणि जुस्यूच्या सहवासात राहिलेल्या माणसाला फुलाचे अंतरंग ठाऊक नव्हते, हे पटत नाही. उलट, ते दाखवणे अगत्याचे का आहे, याचे उत्तर लिनियसच्या पद्धतीने दिले, हेही नाकारता येत नाही. ‘काहीही लाभ झाला नाही’ या शब्दांत तथ्यापेक्षा सल अधिक दिसतो. नाव गाळलेला तक्ता आठवला, की तो सल समजतोही.

११/
एहरेट पुढे लंडनला स्थायिक झाला आणि स्वतः शिक्षक बनला. पोर्टलंडच्या डचेसच्या मुली आणि इतर उमराव घराण्यांतील स्त्रिया त्याच्याकडे फुले रंगवायला शिकत. १७५७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच्या आदल्याच वर्षी पॅट्रिक ब्राउन याने जमैकाच्या वनस्पतींवर लिहिताना ‘एहरेशिया’ हे प्रजातीनाम योजले होते.

१२/
ट्रेवने १७५० पासून एहरेटच्या चित्रांचा मोठ्या आकाराचा ग्रंथ काढायला घेतला: ‘प्लांटाए सेलेक्टाए’. १०० चित्रे. तो १७७३ मध्ये पुरा झाला, तेव्हा ट्रेव आणि एहरेट दोघेही हयात नव्हते. त्या ग्रंथात तीन व्यक्तिचित्रे आहेत. एक खुद्द ट्रेवचे, दुसरे ठसे कोरणाऱ्या हाइडचे, आणि तिसरे एहरेटचे.