आतड्यातील जिवाणू आणि निष्प्रभ ठरणारी प्रतिजैविके

मानवी आतड्यात अब्जावधी जिवाणूंचे कायम वास्तव्य असते. पचनास साहाय्य करणे, ‘के’ जीवनसत्त्व तयार करणे आणि बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना थारा न देणे, ही त्यांची कामे होत. थिओडोर एशरिश यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला ई. कोलाय हा त्यांपैकी सर्वांत परिचित जिवाणू. आतड्यात तो बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र मूत्रमार्गात वा रक्तात शिरल्यास गंभीर संसर्ग घडवतो.

प्रतिजैविकांचा परिणाम केवळ रोगजंतूंपुरता मर्यादित राहत नाही. आतड्यातील औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात, प्रतिकारक्षम जिवाणू उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. सर्दी-पडशासारख्या विषाणूजन्य आजारांत या औषधांचा लाभ शून्य, ही हानी मात्र होतेच.

प्रतिकाराचे जनुक अनेकदा ‘प्लाझमिड’ नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळावर असते. एक जिवाणू ते दुसऱ्याला, अगदी वेगळ्या प्रजातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो.

याचे ठळक उदाहरण २००८ मध्ये आढळले. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णाच्या मूत्रात क्लेबसिएला, तर विष्ठेत ई. कोलाय सापडला. दोन्ही जिवाणूंत एकच प्रतिकारक जनुक होते. त्यापासून बनणारे ‘एनडीएम-१’ हे विकर कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांचेही विघटन करते. नावातील दिल्लीच्या उल्लेखास भारताने २०१० मध्ये आक्षेप घेतला.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१, तर नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक आढळले. म्हणजेच प्रश्न केवळ रुग्णालयांचा नव्हता. असे जिवाणू पोटात वागवणारी व्यक्ती पूर्णपणे निरोगी असू शकते.

कार्बापेनेम निरुपयोगी ठरल्यास मोजकेच पर्याय उरतात. त्यांपैकी कोलिस्टिन मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते. त्यालाही दाद न देणारे, प्लाझमिडवरील जनुक चीनमध्ये आढळल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. मांस, दूध व अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि पक्ष्यांत कोलिस्टिन वापरण्यास भारताने २०१९ मध्ये बंदी घातली.

महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध दुकानांना २०१४ पासून बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नयेत अशा औषधांच्या पाकिटावर लाल रेघ असते. ती पाहून स्वतःहून औषध न घेणे, उरलेल्या गोळ्या इतरांना न देणे, हात धुणे आणि शुद्ध पाणी पिणे, हे उपाय प्रत्येकाच्या आवाक्यातील आहेत.