आरोग्य विषमता आणि आरोग्यसेवेची गुणवत्ता सुधारणा

उत्पन्न, जात, वंश, लिंग किंवा राहण्याचे ठिकाण यांमुळे समाजगटांच्या आरोग्यात पडणाऱ्या व टाळता येण्याजोग्या तफावतीस आरोग्य विषमता म्हणतात. गुणवत्ता सुधारणा ही उपचारांच्या प्रचलित पद्धतीचे मोजमाप करून त्रुटी शोधण्याची, बदल करण्याची व पुन्हा मोजण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००१ मध्ये चांगल्या आरोग्यसेवेची सहा उद्दिष्टे मांडली. समन्याय हे त्यांपैकी एक आहे. मात्र रुग्णालयांचे अहवाल बहुधा सर्व रुग्णांची सरासरी देतात. सरासरी सुधारली तरी दोन गटांमधील अंतर कमी होईलच असे नाही, किंबहुना ते वाढूही शकते.

हेमोडायलिसिसचे उदाहरण

या विषयातील सर्वांत बोधप्रद अनुभव अमेरिकेतील हेमोडायलिसिसचा आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या बहुसंख्य रुग्णांचा खर्च तेथे १९७३ पासून मेडिकेअर ही शासकीय योजना करते. त्यामुळे देशभरातील डायलिसिस केंद्रांची माहिती एकत्र करणे शक्य झाले. १९९० च्या दशकात केंद्रांचे मोजमाप करणे, त्यांचे निष्कर्ष त्यांनाच कळवणे, प्रशिक्षण देणे व मागे पडलेल्या केंद्रांवर देखरेख ठेवणे असा कार्यक्रम राबवण्यात आला. डायलिसिसची पुरेशी मात्रा मिळणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १९९३ मध्ये श्वेतवर्णीयांत ४६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ३६ टक्के होते. २००० पर्यंत ते अनुक्रमे ८७ व ८४ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे १० टक्केबिंदूंचे अंतर ३ वर आले. स्त्री-पुरुषांमधील अंतरही घटले. विशेष म्हणजे कार्यक्रमाचा रोख कोणत्याही एका वंशाकडे नव्हता.

तथापि, याच काळात रक्तक्षयाच्या उपचारातील वांशिक तफावत व पोषणस्थितीतील लिंगाधारित तफावत टिकून राहिली. डायलिसिसची मात्रा प्रामुख्याने उपचाराचा कालावधी, रक्तप्रवाहाचा वेग व गाळणी यांवर ठरते, आणि या बाबी बऱ्याच अंशी केंद्राच्या हातात असतात. रुग्णाच्या घरचे जेवण केंद्राच्या हातात नसते.

अनपेक्षित परिणाम

न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतील मृत्युदर शल्यचिकित्सकांच्या नावांसह प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्यानंतर ही शस्त्रक्रिया होणाऱ्या श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक रुग्णांमधील तफावत वाढल्याचे आढळले. ती पूर्वपदावर येण्यास अनेक वर्षे लागली. आपला आकडा खालावेल या भीतीने डॉक्टर जोखमीचे वाटणारे रुग्ण टाळत असावेत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. याउलट इंग्लंडमध्ये २००४ पासून कौटुंबिक डॉक्टरांचे मानधन सेवेच्या निर्देशांकांशी जोडण्यात आले. तेथे सर्वांत सधन व सर्वांत वंचित भागांतील दवाखान्यांच्या कामगिरीतील अंतर तीन वर्षांत ४.० वरून ०.८ टक्केबिंदूंवर आले.

रुग्णालयाबाहेरचे मोजमाप

वरील सर्व उपक्रमांत सेवेपर्यंत पोहोचलेलेच रुग्ण मोजले गेले. जेथे आजारी व्यक्ती दवाखान्यात येतच नाही, तेथे गणतीच वेगळी करावी लागते. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतील प्रत्येक जन्म व बालमृत्यूची नोंद ठेवली आणि ४७ गावांशी तुलना केली. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास गुदमरल्यास उपचार करणे व जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. इंजेक्शन गावातील स्त्रीच्या हाती देणे त्या काळी धाडसाचेच होते. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६ होता. भारत सरकारने २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहआधारित नवजात सेवा देशभर सुरू केली. त्यात प्रसूती रुग्णालयात झाल्यास सहा व घरी झाल्यास सात गृहभेटी ठरवून दिलेल्या आहेत.