नाल ठोकावा की नको?

१/
नोव्हेंबर १८१२. मॉस्कोहून माघारी निघालेले नेपोलियनचे सैन्य स्मोलेन्स्कच्या वाटेवर होते. बर्फ दबून रस्ता काचेसारखा गुळगुळीत झालेला. लहानशा चढावरही तोफांचे घोडे घसरून कोसळत आणि पुन्हा उठत नसत. त्यांच्या खुरांना नाल होते, पण ते सपाट, उन्हाळ्यातले.

२/
मुळात घोड्याला नाल हवाच, असे प्राचीन जगाने मानलेले नाही. ग्रीक घोडदळ अनवाणी लढले. इ.स.पू. चौथ्या शतकात झेनोफनने अश्वविद्येवर लिहिताना खूर कणखर करण्याचा उपाय सांगितला: तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल दगड पसरावेत आणि घोड्याला रोज त्यांवर उभे करावे. तबेल्याची जमीन मात्र ओली नसावी, हेही त्याने बजावले.

३/
या सल्ल्यामागे शरीरशास्त्र आहे. खुराचे कवच आपल्या नखांच्याच द्रव्याचे. महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढते. कोरड्या मुलखात, हलक्या ओझ्याखाली झीज आणि वाढ यांचा मेळ बसतो. चिखल, फरसबंदी आणि जड गाडे आले की झीज पुढे जाते. रोमनांनी त्यासाठी पट्ट्यांनी बांधायचे लोखंडी जोडे वापरले. खिळ्यांचा नाल युरोपात सर्रास झाला तो मध्ययुगात.

पण नाल ठोकला म्हणून खूर वाढायचा थांबत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी नाल उपसून, खूर तासून पुन्हा बसवावा लागतो. खिळा जरासा आत गेला, की धडधाकट घोडा लंगडा! नाल पत्करला की नालबंदही पत्करावा लागतो.

४/
दख्खनमध्ये हा हिशेब पक्का होता. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना आली आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय एकाच ओळीत लावलेली. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्याने तुडवला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

बारगिराचा घोडा सरकारी, पण शिलेदाराचा स्वतःचा. तो निकामी झाला तर शिलेदाराची चाकरीच धोक्यात. स्वारीसाठी त्याला जी आगाऊ रक्कम मिळे, तिचे नाव 'नालबंदी'. ती केवळ नालांसाठी नव्हती, हे उघड आहे. तरी घोडा बाळगण्याच्या साऱ्या खर्चाला नाव पडले ते नालाचेच.

५/
पुन्हा रशियाकडे. नेपोलियनच्या अश्वशाळेचा प्रमुख कोलँकूर १८०७ ते १८११ या काळात सेंट पीटर्सबर्गला राजदूत होता. तिथला हिवाळा त्याने अनुभवला होता. त्याने बादशाही तबेल्यातील घोड्यांना बर्फात रुतणारे टोकदार नाल ठोकून घेतले. उरलेल्या सैन्याने ते केले नाही. भूक आणि थकवा होताच. परंतु घोड्यांच्या संहाराचे एक मोठे कारण म्हणून त्याने आपल्या आठवणींत या नालांकडे बोट दाखवले आहे.

६/
नोव्हेंबरच्या अखेरीस, बेरेझिना नदी ओलांडण्यापूर्वी, ज्यांच्याकडे अद्याप घोडा उरला होता अशा अधिकाऱ्यांचे एक खास पथक बादशहाच्या रक्षणासाठी उभारण्यात आले. त्यात सेनापतींनी कप्तानाचे काम पत्करले आणि कर्नल हवालदार झाले.